बाई, आधी सातबारा बघा

पत्र:

“आमची कॉलनी १९८३ सालच्या ले-आऊटमधली. बावीस प्लॉट, मधून एक सरळ रस्ता, टोकाला बंद. तेव्हा इथे ग्रामपंचायत होती, पुढे हद्द वाढली आणि आम्ही नगरपरिषदेत आलो. रस्ता मात्र पहिल्यापासून आमचाच. खडी, डांबर, दिवे, सगळं वर्गणीतून. पहिली पंधरा वर्षं हिशेबाची वही ह्यांच्याकडे होती. कोपऱ्यावरची बकुळही ह्यांनीच लावलेली. आता ते नाहीत. गेल्या पावसात रस्ता पार उखडला. वर्गणी काढायची तर घरामागे अठरा हजार येतात, आणि निम्म्या घरांना कुलूप, मालक मुंबईला. नगरपरिषद म्हणते, रस्ता आमच्याकडे द्या, आम्ही करून देतो. त्यांनी छापील संमतीपत्र पाठवलंय, प्रत सोबत जोडली आहे. चार घरांचा कडक विरोध आहे. त्यांचं म्हणणं, रस्ता दिला की कॉलनी गेली, मागे रिसॉर्ट होतंय त्याच्या गाड्या आपल्या दारातून फिरणार. मी सेक्रेटरी, वय एकाहत्तर. सही करू का? ह्यांनी उभं केलेलं मी देऊन टाकतेय, असं तर होणार नाही?”
— एक निवृत्त शिक्षिका, रत्नागिरी जिल्हा

प्रिय बाई,

संमतीपत्राची प्रत दोनदा वाचली आणि मग पाकिटात सातबारा शोधत बसलो. तो तुम्ही जोडलेला नाही. चौतीस वर्षं मोजणी खात्यात गेल्यामुळे “रस्ता पहिल्यापासून आमचाच” असं वाक्य दिसलं की माझा हात आपोआप सातबाऱ्याकडे जातो.

तलाठ्याकडून नाहीतर ऑनलाइन तो काढा. सिटी सर्व्हे झाला असेल तर मिळकत पत्रिका काढा. माझा अंदाज सांगतो: रस्त्याच्या क्षेत्रापुढे तुमच्या बावीसांपैकी एकाचंही नाव नसेल. ज्यांच्या जमिनीचा ले-आऊट पडला त्या मूळ मालकांचं नाव असेल, आणि ते हयात नसतील तर कदाचित वारसनोंदही झालेली नसेल. ऐंशीच्या दशकात बिनशेती करून पाडलेल्या प्लॉटांत हे सर्रास दिसतं. मालकाने प्लॉट एकेक करून विकले. खरेदीखतात प्लॉटच्या चतुःसीमा लिहिल्या आणि खाली एक ओळ घातली, “सदर ले-आऊटमधील रस्त्याने जाण्यायेण्याच्या हक्कासह”. रस्त्याची जमीन कुणीच विकत घेतली नाही. ती मागे उरली, उरली ती मालकाच्या खात्यावर राहिली. तुमचं खरेदीखत उघडा, ती ओळ सापडेल.

म्हणजे चाळीस वर्षं तुम्ही मंडळींनी दुसऱ्याच्या नावच्या जमिनीवर खडी टाकली. हे वाचून चीड येईल, पण यातच तुमच्या निम्म्या प्रश्नाचं उत्तर आहे. जे तुमच्या नावावर नाही ते तुम्ही सही करून देऊ शकत नाही, आणि सही केली नाही म्हणून ते राखलंही जात नाही. नगरपरिषदेच्या त्या छापील कागदावर बावीसच्या बावीस सह्या झाल्या तरी मालकी इंचभर हलणार नाही. तो कागद हरकत नसल्याचा आहे. मालकी द्यायची तर वारसांनी द्यायची, नोंदणीकृत दस्ताने. स्थावराचं बक्षीसपत्र नोंदणीशिवाय आणि दोन साक्षीदारांशिवाय उभं राहत नाही, हे मालमत्ता हस्तांतरणाच्या १८८२ च्या कायद्यापासून चालत आलंय. आणि वारस सात असतील तर सातही जण लागतात. सहा जणांनी सही केली तर सहांचा हिस्सा गेला, सातवा शिल्लक. तोच सातवा पुढे अडवतो.

तुमचं काय आहे, तर वहिवाट. ती मात्र भक्कम आहे. खरेदीखतात लिहिलेली आहे. लिहिलेली नसती तरी वीस वर्षं उघडपणे, विनातक्रार, हक्काने वापरलेल्या वाटेला सुविधाधिकाराचा कायदा (तोही १८८२ चाच) संरक्षण देतो. शिवाय दिल्ली महापालिकेच्या एका खटल्यात नव्वदच्या दशकात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलंय की ले-आऊट मंजूर करून प्लॉट विकल्यावर सामायिक जागेवरची मूळ मालकाची मालकी पूर्वीसारखी मोकळी राहत नाही. प्लॉटधारकांसाठी तो जणू विश्वस्त होतो. तेव्हा उद्या एखादा नातू येऊन “हा रस्ता आजोबांचा, मी इथे दुकानाचे गाळे काढतो” म्हणाला तर घाबरू नका. पण तो येऊन कोर्टात पाच वर्षं घालवू शकतो, हेही तितकंच खरं. रस्ता एकदा नगरपरिषदेच्या नावावर चढला की ही टांगती तलवार जाते. तुमची जाण्यायेण्याची वाट त्याने कमी होत नाही, उलट पक्की होते.

मग जातं काय? “नाही” म्हणायचा हक्क जातो. फेरीवाल्याला हटकणं, दुपारी फाटक लावून घेणं, परक्याची गाडी दिसली की “कुणाकडे आलात?” विचारणं. सार्वजनिक रस्त्याला फाटक नसतं. तुमच्या पत्रात फाटकाचा उल्लेख नाही, म्हणून धरून चालतो की ते नाहीच, किंवा असलंच तर गंजून उघडंच पडलंय. पुढे कधी नगरपरिषदेने रस्त्याची नियमित रेषा ठरवली तर जुनं घर पाडून नवं बांधताना मागे सरावं लागेल. त्या जागेची भरपाई मिळते, पण सरावं लागतंच. हा तोटा खरा आहे, मी लपवत नाही. विकास योजनेत जर तुमच्या दारातून रुंद रस्ता आखलेला असेल तर मात्र तो रस्ता खासगी ठेवून टळत नाही. योजनेचा नकाशा नगररचना विभागात बघायला मिळतो, तो बघून या.

आता रिसॉर्ट. चार घरांचा हा मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा नाही. सार्वजनिक रस्त्याला ज्याची जमीन लागते त्याला त्या रस्त्यावर यायचा हक्क मिळतो. मागची जमीन आज आंधळी, म्हणजे रस्ता नसलेली असेल, तर तुमचा रस्ता सार्वजनिक झाल्यावर तिचे डोळे उघडतील आणि तिच्या बांधकाम परवानगीची वाट मोकळी होईल. म्हणून दोन कागद बघा. पहिला, १९८३ चा बिनशेती आदेश. त्यातल्या बारीक अटी कुणी वाचत नाही. अशा पुष्कळ आदेशांत एक अट असते की ले-आऊटमधले रस्ते लगतच्या जमीनधारकांना वापरू द्यायचे. ती अट तुमच्या आदेशात असेल तर रिसॉर्टवाल्याला अडवण्याचा हक्क तुम्हाला कधीच नव्हता, तो आजवर आला नाही इतकंच. दुसरा कागद, ले-आऊटचा मंजूर नकाशा. रस्ता टोकाला मागच्या जमिनीच्या हद्दीला टेकतो, की मध्ये काही राहतं? हुशार मालक रस्त्याच्या शेवटी हातभर रुंदीची पट्टी आपल्या नावावर ठेवत. पुढे मागच्या जमिनीला भाव आला की तीच पट्टी सोन्याच्या भावाने विकायची. अशा पट्ट्या मी स्वतः मोजल्यात. तुमच्याकडे ती असेल तर तिची मालकी कुणाकडे, आणि रस्त्याबरोबर तीही दस्तात जातेय का, यावर रिसॉर्टच्या गाड्या ठरतील. सभेत कितीही घसा कोरडा केला तरी त्यावर ठरणार नाही.

विरोधाबद्दल एक आगाऊ गोष्ट सांगतो. म्हाताऱ्याची खोड समजा. एका संध्याकाळी टेप घेऊन त्या चार घरांसमोरून चालत जा. नकाशावर रस्ता नऊ मीटर लिहिला असेल तर जागेवर किती भरतो ते बघा. आम्ही कॉलन्या मोजायला जायचो तेव्हा सगळ्यात मोठ्याने “रस्ता देणार नाही” म्हणणाऱ्याच्या दारात बहुतेक वेळा काहीतरी असायचं. चिऱ्याचा गडगा दोन फूट पुढे आलेला, पायऱ्या रस्त्यात उतरलेल्या, कपडे धुवायचा कट्टा, नाहीतर, आणि हे सगळ्यात वरचढ, संडासाचा शोषखड्डा रस्त्याखाली. रस्ता सार्वजनिक झाला की ते अतिक्रमण ठरतं आणि नगरपरिषद ते काढू शकते. माणूस हे उघड बोलत नाही, तो कॉलनीच्या अस्मितेबद्दल बोलतो. तुमच्या चारांपैकी सगळे असे असतील असं माझं म्हणणं नाही. पण एखादा निघाला तर त्याला सभेत उघडा पाडू नका. घरी जाऊन चहा घ्या आणि विचारा, खड्डा आपल्या आवारात सरकवायला किती खर्च येईल. कॉलनीच्या गंगाजळीतून थोडी मदत केलीत तर विरोध त्याच चहात विरघळेल.

नगरपरिषदेच्या हेतूबद्दलही कुणाला शंका येईल. जमीन लाटायचा डाव नसावा, कारण त्यांची अडचण अगदी रुक्ष आहे. खासगी जागेवर सरकारी पैसा खर्च केला की लेखापरीक्षणात आक्षेप येतो आणि तो अधिकाऱ्याच्या मानेवर बसतो. निधी नगरोत्थानचा असो, वित्त आयोगाचा असो की आमदारांचा, अंदाजपत्रकाबरोबर जागा कुणाची हे दाखवावं लागतं. ग्रामपंचायतीच्या काळात हेच काम नमुना २३ च्या नोंदवहीत रस्ता चढवून व्हायचं. “तेवीस नंबरला घ्या” म्हणून किती भांडणं झालीत आपल्याकडे! तुमचं गाव ग्रामपंचायत असताना हा रस्ता त्या वहीत चढला होता का, हेही बघा. चढला असेल तर हद्दवाढीत ते दप्तर नगरपरिषदेकडे आलेलं असणार आणि अर्धं काम झालेलंच असेल.

वारस सापडत नसतील किंवा एखादा हटून बसला तर दुसरीही वाट आहे. मुंबईच्या १८८८ च्या महापालिका कायद्यात ३०६ वं कलम आहे. रस्ता सपाट करून, गटार-निचरा नीट करून, दिव्यांची सोय करून मालकाने मागणी केली की आयुक्त रस्त्यावर नोटीस लावून तो सार्वजनिक जाहीर करतात. नगरपरिषदांना लागू असलेल्या १९६५ च्या कायद्यातही, खासगी रस्ता दुरुस्त करवून घेऊन नोटिशीने सार्वजनिक जाहीर करण्याची तरतूद आहे. तुमच्या मुख्याधिकाऱ्यांना लेखी विचारा की ते दस्ताचा मार्ग धरणार आहेत की नोटिशीचा. तोंडी उत्तर घेऊ नका.

आता संमतीपत्राकडे येतो. त्यातल्या तिसऱ्या ओळीवर माझी पेन्सिल अडली: “अंतर्गत रस्ते व खुली जागा”. बाई, रस्ता मागताना खुली जागा एका दमात कशाला? मुलं खेळतात ती जागा, गणपतीत मंडप पडतो ती. ती देण्यात काही चूक आहे असं नाही, उद्या तिथे उद्यान होईल. पण ती वेगळी गोष्ट आहे आणि तिचा निर्णय वेगळा व्हायला हवा. वर सांगितलेल्या दिल्लीच्या खटल्यात वाद नेमका खुल्या जागांचाच होता, आणि फुकट हस्तांतराची सक्ती महापालिकेला करता येत नाही असं न्यायालयाने ठरवलं. “व खुली जागा” हे तीन शब्द खोडून “फक्त अंतर्गत रस्ता, सोबतच्या नकाशात दाखवल्याप्रमाणे” असं लिहून मागा. छापील कागद दिसला की आपण तो देवाने लिहिल्यासारखा मानतो. तो एका कारकुनाने दुसऱ्या कॉलनीचा कागद समोर ठेवून टाइप केलेला असतो.

आणि गटार. इथे थोडा थांबतो, कारण रस्ता कुणाच्या नावावर आहे याने तुमच्या घरात पाणी शिरत नाही, तो कसा बांधला याने शिरतं. रत्नागिरीत चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. डांबराचा वैरी पाणी. कडेला गटार नसेल तर पाणी रस्त्यावरूनच वाहतं, खडीच्या पोटात शिरतं आणि गणपतीपर्यंत रस्ता पोह्यांसारखा मोकळा होतो. तुम्ही वर्गणीतून डांबर टाकत राहिलात, गटार कुणी बांधलं नाही, कारण डांबर दिसतं आणि गटार दिसत नाही. नगरपरिषदही तीच चूक करू शकते. ठेकेदाराला मोजमाप काळ्या थराचं मिळतं. म्हणून ठरावात आधी गटार आणि मोऱ्या, मग रस्ता, असा क्रम लिहून घ्या. ते पाणी शेवटी कुठल्या पऱ्याला, म्हणजे ओढ्याला, सोडणार हेही विचारा, नाहीतर तुमचं पाणी खालच्या वाडीतल्या कुणाच्या तरी बावीत जाईल आणि शिव्या तुम्हाला बसतील.

दुसरी गोष्ट उंचीची. जुन्या थरावर नवा थर, त्यावर काँक्रीट, असं करत रस्ता चढत जातो आणि जुनी घरं खाली राहतात. माझ्या बहिणीच्या अंगणात आता दोन पायऱ्या उतरून जावं लागतं. पूर्वी ती दोन पायऱ्या चढायची. तुमच्या बावीस घरांची जोती रस्त्यापासून किती वर आहेत ते आजच मोजून वहीत लिहा, फोटो काढा, आणि जुना थर खरवडून मगच नवा टाकावा अशी मागणी करा. काम सुरू झाल्यावर ही मागणी कुणी ऐकत नाही.

लहान बाबी पटकन सांगतो. दिव्यांचं मीटर कॉलनीच्या नावावर असेल तर ते बदलून घ्या, नाहीतर रस्ता त्यांचा आणि बिल तुमचं असं चालत राहील. ताबा कुठल्या तारखेपासून, हे ठरावात स्पष्ट असू द्या. पनवेल महापालिका १ ऑक्टोबर २०१६ ला झाली. खारघर, कामोठे, कळंबोलीतल्या सेवा सिडकोकडून तिच्याकडे यायला पुढे वर्षं गेली, आणि त्या मधल्या काळाच्या मालमत्ता करावरून किती रण माजलं ते तुम्ही वाचलं असेल. तुमचा मामला छोटा आहे, पण खड्ड्याची तक्रार आजपासून कुणाकडे करायची याला एक तारीख लागतेच. घरपट्टी तुम्ही आताही भरता. तिच्यात रस्ता धरलेला नाही असं कुणी सांगितलं तर पावती काढून दाखवायला सांगा.

माडांचं विसरलो. रस्त्याच्या कडेला लावलेले माड रस्त्याच्या हद्दीत येत असतील तर ते रस्त्याबरोबर जातात, नारळांसकट. आपल्याकडे जमीन सुटते, नारळ सुटत नाही, तेव्हा हे आधीच बोलून ठेवा.

बकुळीचंही तेच. कोपऱ्यावर म्हणता, म्हणजे ती रस्त्याच्या हद्दीत असण्याची शक्यता जास्त. मोजणीच्या नकाशात ती दाखवायला सांगा, भूमापक झाड दाखवतो, फक्त मागावं लागतं. ठरावातही तिचा उल्लेख घ्या. शहरी भागात झाड तोडायला १९७५ च्या वृक्ष अधिनियमाखाली वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, पण कागदावर नसलेलं झाड रातोरात गेलं तर दाद कुणाकडे मागणार? यजमानांनी वहीत पहिली पंधरा वर्षं जे सांभाळलं, त्यातलं ते एकच अजून वाढतंय. डांबर तर तुम्ही तीन वेळा बदललं असेल. ती हिशेबाची वही टाकू नका. नोटीस, हरकती, कोर्ट काहीही झालं तरी इतकी वर्षं रस्ता कुणी राखला याचा तिच्याइतका चांगला पुरावा नाही. तिची छायाप्रत काढून अर्जाला जोडा. बाकी तुम्ही देऊन टाकताय का, याचं उत्तर वर आलंच: तुमच्याकडे देण्यासारखी जमीन नाही, राखण्यासारखी वहिवाट आहे आणि ती राहतेय. माझं मत विचाराल तर रस्ता जाऊ द्या. निम्मी घरं बंद असलेल्या कॉलनीला वर्गणीवर रस्ता पोसता येत नाही, आणि आणखी दहा वर्षांनी वही धरायलाही कुणी नसेल.

पण आज त्या कागदावर सही करू नका. “मोजणी झाल्यावर व खुली जागा वगळल्यावर विचार करू” असं पत्र द्या आणि पोच घ्या. वारस गणपतीत गावी येत असतील तर त्यांना तेव्हाच गाठा. एरवी डोंबिवली आणि पुण्याच्या मध्ये सह्या गोळा करताना वर्ष जातं. वारसनोंद झाली नसेल तर तो फेरफार आधी घालायला सांगा. दस्ताचं मुद्रांक शुल्क किती आणि ते कोण भरणार, हे दुय्यम निबंधकाकडे विचारून नगरपरिषदेशी आधीच ठरवा.

आणि भूमी अभिलेखकडे मोजणीचा अर्ज या आठवड्यातच टाका. तारीख मेच्या आत मिळाली तर बघा. जूननंतर रान माजलं की हद्दीचे दगड सापडत नाहीत, आणि मग भूमापक छत्री धरून अंदाजाने खुंट मारतो. मीही मारलेत.